तांबे मॅडमच्या बादल्या

हौशी रंगभूमीवर मी बरंच काही केलं आहे. राजे केले, दारुडे केले, एकदा नायिका आलीच नाही तेव्हा ती माहेरी गेल्याचं प्रेक्षकांना सांगून अख्खा अंक एकट्याने ओढला. पण सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत माझी कीर्ती आहे ती बादली म्हणून. आजही लिफ्टमध्ये एखादं पोर आईचा हात ओढून विचारतं, "मम्मी, ते बादली अंकल हेच ना?" मी मान झुकवून अभिवादन स्वीकारतो. कलावंताने अशा वेळी नाही म्हणू नये.

ही भूमिका मला दिली डॉ. सुमन तांबे यांनी. अकराव्या मजल्यावर माझ्या दारासमोर त्यांचं दार. औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, पार्किन्सन्सच्या पेशंट आणि माझ्या पाहण्यातली सगळ्यात निर्विकार विनोदी बाई. निर्विकारपणा ही त्यांची कला नव्हती. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हळूहळू संपावर जातात. मॅडम काहीही बोलल्या तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. समोरचा माणूस गंभीरपणे मान डोलवायचा, निरोप घ्यायचा, आणि लिफ्ट चार मजले खाली गेल्यावर एकटाच हसत सुटायचा.

"असा चेहरा कमवायला आमच्यात लोक वर्षं घालवतात," मी एकदा म्हटलं.

"घे माझा," त्या म्हणाल्या. "बदल्यात तुझी सही दे. माझी बँकेला पटत नाही."

बुटक्या, आखूड पांढरे केस, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. महाडकडच्या एका वाडीतून शिकून आलेल्या. आवाज आजाराने बारीक केला होता, पण गेटवरच्या वॉचमनला सकाळचा जय भीम मात्र अजून मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. मला पहिल्या दिवसापासून 'डायरेक्टर' म्हणायच्या आणि अरे-तुरे करायच्या. चहा दिला की म्हणायच्या, "कप अर्धाच भर. उरलेला अर्धा साडीला कशाला?" बाल्कनीतून खाडीकडचे फ्लेमिंगो दिसतात, ते त्यांना अजिबात आवडत नसत. "एका पायावर तासन् तास उभे राहतात आणि लोक फोटो काढतात. मी दोन पायांवर पाच मिनिटं उभी राहिले तर सेक्रेटरीला फोन जातो."

हाताच्या थरथरीबद्दल कुणी हळहळलं तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तो नुसता बोर्ड आहे. दुकान आत आहे."

त्या दुकानात मला त्यांनीच नेलं. विज्ञानात माझी प्रगती दहावीला थांबलेली, हे त्यांना फार आवडलं. कोरी पाटी, म्हणाल्या.

"मेंदूच्या तळाशी एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात. ती आपली पाण्याची टाकी समज. ज्या पेशींना ते डोपामिन हवं, त्यांनी दारात बादल्या लावून ठेवल्यात. बादल्या म्हणजे रिसेप्टर. माझी टाकी आटत चाललीय. पाणी कमी झालं की लोक काय करतात?"

"सेक्रेटरीला शिव्या देतात."

"त्यानंतर?"

"बादल्या वाढवतात."

"पास. सुरुवातीला बादल्या वाढतात. पुढे काही कमी होतात, काही नुसत्याच चिडखोर होतात. ते सगळं परीक्षेला, तुला एवढं पुरे. आता पाणी कमी, आणि जी ती बादली थेंबासाठी हपापलेली. अशात मी गोळी घेते. म्हणजे टँकर येतो. काय होईल?"

"चेंगराचेंगरी."

"ती ही," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खांद्याकडे बोट दाखवलं. खांदा आपल्या आपण गोल फिरत होता, मान त्याच्या मागोमाग लवत होती, जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी ढोलकी धरली आहे आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येते आहे. गोळी चढली की मॅडम अशा डुलायच्या, गोळी उतरली की खांबासारख्या ताठ व्हायच्या. दोन्हींच्या मधला जो वेळ, त्यात त्या आंघोळ, स्वयंपाक आणि माझी टिंगल उरकून घेत.

गोळीची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी फोनला गजर लावला होता, कोंबड्याच्या आरवण्याचा. लहानपणीची सवय, म्हणाल्या. अकराव्या मजल्यावर दिवसातून अनेकदा कोंबडा आरवू लागल्यावर लिफ्टशेजारी नोटीस लागली: 'सदनिकेत कोंबडे पाळण्यास मनाई आहे.' खाली सही, सावंत, सेक्रेटरी.

सावंतांची ओळख आधीच करून द्यायला हवी होती. उरणच्या बाजूला बंदरावर कंटेनर तपासण्याच्या नोकरीत त्यांचा जन्म गेलेला. थांबवणं हा त्यांचा पेशा. निवृत्तीनंतर थांबवायला कंटेनर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी सोसायटी घेतली. नोटीस वाचून मॅडम नवव्या मजल्यावर त्यांच्या दारी गेल्या आणि त्याच त्या चेहऱ्याने म्हणाल्या, "कोंबडा काढते. पण तो अंडी देत होता, ती कोणाला द्यायची ते कमिटीत ठरवा." सावंतांनी हा विषय खरोखर बैठकीत मांडला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं, कोंबडा कधीपासून अंडी देतो, तेव्हा बैठक बरखास्त झाली.

इथवर सगळी गंमत होती. मग लिफ्टचा प्रसंग झाला.

या आजारात एक विचित्र प्रकार असतो. माणूस चालता चालता दारापाशी, उंबऱ्यापाशी, फरशीचा रंग बदलतो तिथे अचानक थिजतो. पाय जमिनीला डकवल्यासारखे. एका सकाळी मॅडम लिफ्टच्या दारात थिजल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. दार मिटायला यायचं, त्यांना लागून मागे जायचं, आणि लिफ्टच्या स्पीकरमधली बाई हिंदीत दरवाजा बंद करायला सांगायची. खाली ऑफिसची गर्दी खोळंबलेली. नवव्या मजल्यावरून सावंत ओरडले, "लिफ्ट कोणी अडवलीय?" जिन्याने वर आले. मॅडम पुतळा. काय करावं ते त्यांना कळेना, घाबरून त्यांनी दंड धरून ओढलं, तर त्या पडता पडता वाचल्या. शेवटी पाय आपले आपण सुटले. दुपारी गोळी चढलेली असताना त्या डुलत डुलत भाजी घेऊन आल्या, तेव्हा गेटपाशी दोन बायकांची कुजबुज झाली की मॅडम घेतात म्हणे. सावंतांनी संध्याकाळी बेंगळुरूला त्यांच्या मुलाला, निखिलला, फोन केला. यांना एकटं ठेवणं बरोबर नाही, म्हणाले. त्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. पण फोन झाला.

निखिल त्याच आठवड्यात आला. मवाळ, थकलेला मुलगा. त्याने बेंगळुरूला वृद्धांसाठी एक चांगलं ठिकाण पाहून ठेवलं होतं; नर्स आहे, बाग आहे. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, बहुधा पंच म्हणून.

"आई, इथे तुला कोण बघणार? लोकांना तुझा आजारच माहीत नाही. ते घाबरतात."

"मग माहीत करून देऊ. मी जन्मभर तेच केलं."

"दारोदार लेक्चर देणार आहेस?"

मॅडमना हे घर सोडायचं नव्हतं. वाशीच्या भाड्याच्या खोलीत मूल वाढवत, शिकवण्या करत त्यांनी ते घेतलं होतं. मग माझ्याकडे वळल्या. "डायरेक्टर, सव्वीस जानेवारीला सोसायटीचा कार्यक्रम असतो ना? यंदा नाटक माझं." आणि निखिलला म्हणाल्या, "तू पहिल्या रांगेत बस. मी स्टेजवर माझ्या पायांनी आले, आणि या लोकांना माझं डोकं समजलं, तर मी इथे राहणार. नाही जमलं तर तिथूनच बॅग भरायला येते. बाग वगैरे बघू."

निखिल कबूल झाला. आईशी वाद घालण्यापेक्षा नाटक पाहणं सोपं, हे तो लहानपणापासून शिकला असावा.

तालमी क्लबहाउसच्या खोलीत सुरू झाल्या. मॅडमची शिकवण्याची रीतच ही होती. कॉलेजातही त्या पोरांना बाकावरून उठवून रिसेप्टर म्हणून रांगेत उभं करत. आता त्यांच्या हाती अख्खी सोसायटी लागली. मी मुख्य बादली. माझ्यामागे आणखी बादल्या: एक सीए, दोन नोकरदार सुना, झुंबा शिकवणारा एक पंजाबी. आम्ही सगळ्यांनी खऱ्याच प्लास्टिकच्या बादल्या डोक्यावर उलट्या घातलेल्या. मी म्हटलं, मला या बादलीचा भूतकाळ कळला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "तू रिकामी आहेस. तुला अवघड जाऊ नये."

मग त्यांनी सावंतांना बोलावणं पाठवलं.

"काही बादल्यांच्या शेजारी एक जण बसलेला असतो," त्यांनी सावंतांना समजावलं. "अडेनोसिन. त्याची बसायची जागा वेगळी, पण बादलीला अगदी लागून. काम एकच, थांबा म्हणायचं. पाणी भरपूर असतं तेव्हा तो हवाच. कोणी थांबवणारं नसेल तर माणूस दिवसभर नाचेल. पण पाणी आटलं की त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होतो. इतकी वर्षं डॉक्टर टँकर वाढवत राहिले. आता लोक विचार करतात, टँकर राहू दे, या गृहस्थांना जरा गप्प बसवता येईल का. तशी औषधं निघालीयत. आणखी कोण कोण शेजारी बसलंय, त्यांचाही तपास चालू आहे. कॉफीसुद्धा थोडंफार यांचंच तोंड धरते."

"म्हणजे मी करायचं काय?" सावंतांनी विचारलं.

"खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांना थांबवायचं."

सावंत विचारात पडले. "जमेल," म्हणाले.

कॉफीची भूमिका तळमजल्यावरच्या यमुनाताई भोईरांना मिळाली. शेजारच्या करावे गावातल्या आगरी; भरभक्कम बाई, कपाळावर मोठं कुंकू, कुणाच्याही तोंडात घास भरवायची हौस. त्यांनी हातात वड्यांचं ताट घेऊन यायचं आणि सावंतांच्या तोंडात वडा कोंबायचा.

"आमची कॉफी वड्यासोबतच असते, मॅडम," मी दिग्दर्शक म्हणून खुलासा केला.

"मना ह्यो रोल आवरला," यमुनाताई खूश होऊन म्हणाल्या. "कवाधरनं ह्यांचा तोंड बंद कराचा व्हता."

एका तालमीला मॅडम खोलीच्या दारातच थिजल्या. आम्ही बादल्या डोक्यावर घेऊन गोंधळलो. सावंत मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, चला ना, हॉल आठपर्यंतच आहे."

"सावंत, पाय आडवा घाला."

"काय?"

"माझ्या बुटापुढे. आडवा. मला सपाट रस्ता जमत नाही, अडथळा जमतो. समोर ओलांडायला काही असलं की मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम पाठवतो."

"पडलात तर सोसायटीवर येईल."

"लोकांना अडवण्यात हयात गेली तुमची. एकदा मनापासून अडवा."

सावंतांनी डोळे मिटून चप्पल पुढे सरकवली. मॅडमचा बूट उचलला गेला, चपलेवरून पलीकडे पडला, मागोमाग दुसरा, आणि त्या आत चालत आल्या, जसं काही झालंच नाही. सावंत कितीतरी वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

सव्वीस जानेवारी उजाडली. सकाळी झेंडा झाला, दुपारी स्टेज बांधलं गेलं. मॅडमनी गोळ्यांचं गणित प्रयोगाच्या वेळेवरून उलटं मांडलं होतं: अमुक वेळेला गोळी, तमुक वेळेला चढणार, तेवढ्यात प्रवेश. त्या गणितात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे यमुनाताईंचं प्रेम.

दिवाळे गावच्या जेट्टीवरून ताजी कोलंबी आली होती. प्रयोगाच्या दिवशी बाई उपाशी राहते हे यमुनाताईंना बघवेना. ताट घेऊन त्या वर गेल्या. "जेव गो बाय. पोटान काय नाय तं उभी ऱ्हाशील कशी?" मॅडमना पक्कं ठाऊक होतं की मासे, डाळ, पनीर असलं काही जड खाल्लं तर गोळी पोटातून पुढे सरकत नाही, दोघांनाही एकाच दारातून आत जायचं असतं आणि कोलंबी आधी घुसते. पण कोलंबीचं कालवण म्हणजे त्यांचा जीव. नंतर मला म्हणाल्या, "प्राध्यापिका नको म्हणाली. महाडची पोरगी जेवली."

संध्याकाळी नाटक सुरू झालं. पडदा नव्हता, ढोल होता. बादल्या हपापल्या, सावंत खुर्चीत बसून "थांबा, नियम आहे" म्हणू लागले, आणि प्रेक्षक पहिल्याच वाक्याला हसत कोसळले, कारण हे त्यांनी वर्षभर फुकटात ऐकलं होतं. आता मॅडमनी डावीकडून येऊन बोलायचं. ढोल वाजला. कोणी आलं नाही. ढोल पुन्हा वाजला. मी बादलीच्या कडेखालून पाहिलं. विंगेत, स्टेजच्या लाकडी काठापाशी मॅडम उभ्या होत्या, ताठ, हात छातीशी, डोळे तेवढे हलत होते. गोळी चढलेलीच नव्हती. पहिल्या रांगेत निखिल अर्धवट उठला होता.

दिग्दर्शक म्हणून मी काय केलं? मी बादली होतो. मला काही दिसत नसल्याचा अभिनय चालू ठेवला.

हलले ते सावंत. खुर्चीतून उठले, "थांबा, थांबा" असं आपलंच वाक्य म्हणत विंगेपर्यंत गेले, आणि मॅडमच्या बुटापुढे आपला पॉलिश केलेला बूट आडवा घातला. मॅडमनी ओलांडला. त्यांनी पुन्हा पुढे घातला. पुन्हा ओलांडला. असं अडवत, अडवत सावंतांनी त्यांना स्टेजच्या मधोमध आणून उभं केलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बसवलेलं आहे. निखिल खाली बसला. त्याला कळलं होतं की बसवलेलं नाही.

माइक तोंडाजवळ धरावा लागला, इतका मॅडमचा आवाज खोल गेला होता.

"मंडळी, हा प्रयोग मी ठरवला नव्हता. आज माझ्या टाकीत पाणी नाही. गोळी घेतलीय, टँकर निघालाय, पण गेटवर यमुनाताईंची कोलंबी आडवी उभी आहे."

हशा झाला. यमुनाताई वड्यांचं ताट घेऊन स्टेजवर आल्याच. "माज्या कोलंबीला नाव ठेवतंय ही. ताट चाटूनपुसून खाल्लान."

"कोलंबी चांगली होती," मॅडम म्हणाल्या. "गुन्हा वेळेचा आहे."

आणि मग त्यांनी शिकवलं. पुतळ्यासारखं उभं राहून, खरखरत्या बारीक आवाजात. टाकी, बादल्या, शेजारी बसलेला. "मी दारात थिजते तेव्हा मी आत जागी असते. मला ओढू नका. पाय आडवा घाला, नाहीतर ताल द्या. आणि डुलताना दिसले तर ती दारू नाही, माझ्या बादल्यांना एकदम पाणी मिळालंय." गेटपाशी कुजबुजलेल्या त्या दोघी खाली बघू लागल्या. यमुनाताईंनी सावंतांच्या तोंडात वडा कोंबला, सावंत गप्प झाले, आम्ही बादल्या सरसावलो, आणि नेमक्या त्याच वेळी, उशिरा का होईना, गोळी चढली. मॅडमचा खांदा गोल फिरला. मान लवली. झुंबावाल्या पंजाब्याने ढोलवाल्याला खूण केली, आणि मॅडम म्हणाल्या, "आला टँकर. आता मी सांगेन तेव्हा थांबवा." त्या रात्रीच्या जेवणाआधी आमची अख्खी सोसायटी डोक्यावर बादल्या घेऊन नाचली. मधोमध मॅडम, चेहरा दगडासारखा.

नंतर निखिल स्टेजमागे आला. मॅडम म्हणाल्या, "बॅग?"

तो उत्तर न देता सावंतांकडे वळला. "काका, तुमचा मोबाईल नंबर तोच आहे ना? माझ्या फोनमध्ये तो 'तक्रार' नावाने सेव्ह आहे. नाव बदलायचंय."

मॅडम राहिल्या. पुढे त्या गेल्या तेही याच घरातून, न्यूमोनियाने, आमच्या सगळ्यांच्या येरझाऱ्यांमध्ये. तोवर लिफ्टच्या दारात त्या थिजल्या की कुणी ना कुणी पाय घालायचं. शाळेच्या पोरांनी तर नंबर लावले होते. कोंबड्याची नोटीस सावंतांनी स्वतःच्या हाताने काढली आणि तो आरवला की खालून विचारायचे, "घेतली का?"

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ती एक सकाळ. एका हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी सुरू होत होती, त्या हपापलेल्या बादल्यांना शांत करू पाहणाऱ्या औषधाची, आणि मॅडमनी त्यात नाव दिलं होतं. आपल्याला खरी गोळी मिळेल की औषध नसलेली नुसतीच पांढरी, हे त्यांनाही कळणार नव्हतं. "मला नाही लागू पडली तर पुढच्या बॅचला पडेल," म्हणाल्या. आजारी माणसांचा उल्लेख त्या असाच करायच्या, बॅच म्हणून. खाली गाडी उभी होती. मी त्यांची पिशवी घेऊन लिफ्ट बोलावली. दार उघडलं, आणि त्या थिजल्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

मी लगेच पाय पुढे केला.

"तू बादली आहेस," त्या पुटपुटल्या. "तुझं काम नाही ते."

"अहो मॅडम, उशीर होतोय."

"थांब."

दार मिटायला आलं, त्यांना लागून मागे गेलं. आतली बाई हिंदीत बोलली. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. खाली कुणीतरी बटणं बडवायला लागलं. मग नवव्या मजल्यावरून जिन्यात आवाज घुमला, "लिफ्ट कोणी अडवलीय?"

मॅडमच्या ओठांचा डावा कोपरा किंचित वर गेला. इतक्या वर्षांच्या शेजारात तो मी पहिल्यांदाच वर गेलेला पाहिला.

"आला बघ," त्या म्हणाल्या.

जिन्यावर चपलांचा फटफट आवाज जवळ यायला लागला.